मदत हवी आहे: ॲक्रिलिक रंगांच्या बाटल्या आणि तेल पिणाऱ्या पणत्या

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. दरवर्षी आईबरोबर दिवाळीच्या पणत्या रंगवते. १५ मिलीच्या चाळीसेक बाटल्या बुटांच्या खोक्यात आडव्या पडल्यात. निळी सापडेपर्यंत पॅलेटवरचा पांढरा सुकतो. यंदाच्या उन्हाळ्यात सहा-सात पार घट्ट झाल्या. ॲक्रिलिक एकदा वाळलं की पाण्यानं परत विरघळत नाही, त्यामुळे त्या गेल्याच. फार हळहळ वाटली. बाटल्या उभ्या ठेवाव्यात की झाकण खाली करून? झाकणावर त्याच रंगाचा ठिपका द्यायचा, ही आईची युक्ती मात्र उत्तम चालते.

दुसरं म्हणजे, कोरी पणती रंग पिते आणि पेटवल्यावर तेल बाहेर झिरपून नक्षी डागाळते. आतून कुणी काही लावता का? नवरात्र संपताच कामाला बसायचंय, तुमचा अनुभव सांगा.