एसएसडीवर पाच व्हीएम: दोन दिवस पळाल्या, मग बसल्या

लॅबवाला_सांगली

नमस्कार मंडळी. मी पॉलिटेक्निकात नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल घेतो. मशीन जुनं आय-५, १६ जीबी रॅम, उबंटू २२.०४, वर व्हर्च्युअलबॉक्स. एकाच वेळी पाच व्हीएम (मशीनच्या आत चालणारे आभासी संगणक) लागतात: एक राउटर, दोन सर्व्हर, दोन क्लायंट. हार्डडिस्कवर त्या सुरू व्हायलाच बारा मिनिटं जायची आणि तासिका पन्नास मिनिटांची. पोरं वह्या मिटून बसायची, ते बघवत नव्हतं.

म्हणून स्वखर्चाने ४८० जीबीची साटा एसएसडी घेतली. पहिले दोन दिवस सगळ्या व्हीएम मिनिटभरात वर. मग दुसऱ्या बॅचसाठी क्लोन (व्हीएमच्या हुबेहूब प्रती) करायला घेतले, तर सुरुवातीला सेकंदाला ४५० एमबीने चाललेली कॉपी मध्येच ४० वर आली. डिस्क आता ९० टक्के भरलीय. एका व्हीएमच्या आत ९ जीबीच वापर दिसतो, बाहेर तिची व्हीडीआय फाइल (व्हीएमची अख्खी डिस्क जिच्यात असते ती) ३८ जीबीची! डिस्क खराब निघाली का? की व्हीएममुळे झिजली?

जुना_सिसॅडमिन

सर, डिस्क ठणठणीत आहे. आधी हार्डडिस्क का रडायची ते सांगतो. ७२०० आरपीएमच्या तबकडीला अर्धा फेरा मारायलाच ४ मिलिसेकंद लागतात, वर हेड सरकायचा वेळ. म्हणजे विखुरलेली वाचनं सेकंदाला जेमतेम ऐंशी-शंभर. पाच व्हीएम एकदम बूट होतात तेव्हा प्रत्येकीला वाटतं आपण सलग वाचतोय, पण हेड पाच जागी पळत असतं. एसएसडीला हेडच नाही.

आता ४० एमबीचं कोडं. स्वस्त एसएसडी आपल्या काही पेशी (साठवणीचे कप्पे) प्रत्येकी एकच बिट ठेवून वापरते आणि लिखाण आधी तिथे झेलते. ती जागा संपली की थेट तीन किंवा चार बिटांच्या पेशींत लिहावं लागतं आणि वेग कोसळतो. डिस्क जितकी भरलेली, तितकी ही जागा लहान. वीस टक्के तरी मोकळी ठेवा.

फुगलेल्या फाइलचं कारण वेगळं. व्हीएमच्या आत फाइल पुसली तरी बाहेर ते कुणी कळवत नाही. स्टोरेजमधली 'सॉलिड-स्टेट ड्राइव्ह'ची खूण आतल्या सिस्टिमला एवढंच सांगते की ही फिरणारी डिस्क नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीबॉक्समॅनेज या कमांडलाइन साधनातल्या स्टोरेजअटॅच कमांडने 'डिस्कार्ड' (पुसलेली जागा बाहेर कळवणं) वेगळं चालू करावं लागतं, आणि ते फक्त व्हीडीआय फाइलवर चालतं. मग आत एफएसट्रिम (मोकळी झालेली जागा डिस्कला कळवणारी कमांड) चालवा. तेवढ्याने नाही जमलं तर आतली मोकळी जागा शून्यांनी भरा, मग व्हीएम बंद करून व्हीबॉक्समॅनेजच्याच मॉडिफायमीडियमचं 'कॉम्पॅक्ट' वापरा. होस्टवर, म्हणजे मूळ मशीनच्या उबंटूवर, एफएसट्रिमचा टायमर आठवड्याला चालतो ना, तेही बघा.

आणि पूर्ण क्लोन कशाला? एक मूळ व्हीएम नीट बसवा, तिचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घ्या आणि बाकी 'लिंक्ड क्लोन' करा. फक्त बदल लिहिले जातात. लॅबसाठी मी दुसरं काही सुचवणारच नाही.

रात्रपाळी

झिजण्याची भीती आकड्यांनी घालवा. पेटीवर टीबीडब्ल्यू (एकूण किती टीबी लिखाणाची हमी) किती लिहिलंय? समजा १६०. रोज ३० जीबी लिहिलं तर वर्षाला ११ टीबी, म्हणजे चौदा वर्षं निघतात. खरा आकडा स्मार्टसीटीएलने (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) दर महिन्याला वहीत टिपा.

मला काळजी विजेची वाटते. घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करायला कपॅसिटर सहसा नसतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'होस्ट आय/ओ कॅश'ची खूण असेल तर बरंच काही रॅममध्येच पडून असतं. यूपीएस लावा, आणि मूळ व्हीएमची प्रत जुन्या हार्डडिस्कवर ठेवाच. एसएसडी जाते तेव्हा खरखर ऐकवून आधी सांगत नाही. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, त्याला बॅकअप धरू नका.

लॅबवाला_सांगली

दोघांचे मनापासून आभार. शनिवारी बसून केलं. ३८ जीबीची फाइल ११ वर आली. सहा पूर्ण क्लोन काढून लिंक्ड केले, डिस्क आता ५२ टक्के भरलेली. पेटीवर नेमके १६० टीबीडब्ल्यूच आहेत आणि आजवर लिहून झालंय १.३ टीबी. मूळ व्हीएम जुन्या हार्डडिस्कवर उतरवली.

एक अडचण राहिली: मूळ व्हीएममध्ये नवीन पॅकेज टाकलं तर ते क्लोनमध्ये दिसत नाही.

जुना_सिसॅडमिन

दिसणार नाही. क्लोन त्या स्नॅपशॉटला बांधलेले असतात. मूळ व्हीएम अद्ययावत करा, नवा स्नॅपशॉट घ्या, त्यावरून नवे क्लोन काढा. जुने क्लोन पुसल्याशिवाय जुना स्नॅपशॉट मात्र काढू नका. सत्राच्या सुरुवातीला एकदाच हे करा, मग परीक्षेपर्यंत हात लावू नका.