मदत हवी आहे: पिकअपला मोठा डिझेल पंप बसवायचा आहे, कोणता टाकू?

दिंडोरीकर
मंडळी, घाई आहे म्हणून थोडक्यात लिहितो. डिझेल पिकअप आहे. घाटात दम तोडते, रेस दिली तरी घेत नाही, कधी कधी बंदच पडते. डिझेल फिल्टर बदलून झाला. आमच्याकडचा पंप-नोझलवाला म्हणतो पंपच कमी पडतोय, वरच्या मॉडेलचा मोठा पंप टाकू आणि टाकीजवळ एक इलेक्ट्रिक पंप जोडू. ४८ हजार सांगतोय. कोणी असं केलंय का? कोणता पंप चांगला? टोमॅटोचा सीझन चालू आहे, गाडी उभी ठेवणं परवडत नाही. लवकर सांगा.

घाटमाथा
कोणती गाडी? साल? किलोमीटर? माल किती भरता? कोणता घाट? एवढं तरी लिहायचं की राव.

शंकासुर
आणि चेक इंजिनचा दिवा लागतो का? स्कॅनर लावला होता का? कोड काय आला?

जुना_फिटर
काही स्कॅनर-बिनर लागत नाही. इंजिन चालू ठेव आणि एकेका नोझलची नळी पान्याने ढिली करून बघ. ज्या नळीने आवाजात फरक पडत नाही ते नोझल गेलेलं. आम्ही टाटा ४०७ आणि २०७ वर आयुष्यभर हेच केलं.

पंपरूम_सांगली
फिटरकाका, माफ करा, पण हे इथे लिहू नका. कोणी वाचून खरंच करेल. तुमच्या काळच्या पंपात नळीत दाब फक्त फवाऱ्यापुरता यायचा. कॉमन रेलमध्ये (एकाच जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबून ठेवलेलं डिझेल सगळ्या नोझलना जातं) इंजिन चालू असताना नळीत कायम दाब असतो, रेस दिली की १६०० बारच्या आसपास. ढिल्या नटमधून निघालेली ती बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत बोट सडतं. दिंडोरीकर, चालू इंजिनवर रेलच्या एकाही नटला पाना लावू नका.

जुना_फिटर
बरं बाबा. हल्लीच्या गाड्यांना हातही लावायची सोय राहिली नाही.

दिंडोरीकर
कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तुझी कंपनी-माझी कंपनी सुरू होतं. २०१८ ची, बीएस-४, कॉमन रेल. पावणेदोन लाख किमी. पिंपळगावहून वाशी मार्केटला टोमॅटो नेतो. कसारा घाटात त्रास देते. दिवा लागतो. स्कॅनर लावला होता, पी ००८७ आला. पंपवाला म्हणाला याचा अर्थच पंप कमजोर. आता सांगा, कोणता पंप?

पंपरूम_सांगली
पी ००८७ म्हणजे रेलमध्ये मागितलेला दाब तयार होत नाही, एवढंच. का होत नाही ते कोड सांगत नाही. टाकीतली जाळी चोक, फिल्टर चोक, पाइप हवा ओढतोय, पंपात डिझेल मोजून सोडणारा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकतोय, इंजेक्टर (नोझल) टाकीकडे परत जाणाऱ्या रिटर्नला जास्त डिझेल सोडतायत, किंवा खरंच पंप झिजलाय. यातला पंप सगळ्यात महाग, म्हणून तो शेवटी तपासायचा. तुमच्याकडे उलटं चाललंय.

तात्या_ह्यूस्टन
इकडे अमेरिकेत पिकअप म्हणजे घरटी एक, त्यामुळे हा विषय मला पाठ आहे. जनरल मोटर्सच्या पिकअपमधल्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाचं उदाहरण घ्या. २०११ ते २०१६ च्या इंजिनात बॉशचा सीपी ४ पंप आहे आणि टाकीकडून डिझेल ढकलणारा लिफ्ट पंपच नाही, मेन पंपाला स्वतः ओढून घ्यावं लागतं. म्हणून लोक बाहेरून तासाला १०० किंवा १६५ गॅलन ढकलणारा लिफ्ट पंप बसवतात, बरोबर वॉटर सेपरेटर आणि जास्त बारीक फिल्टर. काही जण तर सीपी ४ काढून जुना सीपी ३ टाकतात. २०१७ च्या इंजिनात कंपनीनेच डेन्सोचा पंप आणि लिफ्ट पंप दोन्ही दिले. तेव्हा दिंडोरीकर, बिनधास्त लिफ्ट पंप टाका. तुमचा मेकॅनिक अर्धा तरी बरोबर आहे.

पंपरूम_सांगली
तात्या, तुमचं ६.६ लिटरचं व्ही-८ आणि ह्यांचं अडीच लिटरचं चार सिलिंडर. शिवाय तुमच्याकडचे लोक ट्यूनिंग करून ताकद वाढवतात, म्हणून त्यांना जास्त डिझेल लागतं. इथे कंपनीच्या ताकदीलाच डिझेल पुरत नाहीये. पावणेदोन लाख किमी तोच पंप पुरला, मग आज अचानक लहान कसा झाला?

तात्या_ह्यूस्टन
झिजला असेल. आणि ढकलून दिलेलं डिझेल पंपाला कधीही चांगलंच. तुम्ही लोक बदलाला घाबरता.

हिशोबी
बदलाला नाही, विम्याला घाबरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही.

घाटमाथा
आरसीवर डिझेल पंपाचा नंबर नसतो हो. इंजिन बदललं तर गोष्ट वेगळी.

सरिता_ट्रान्सपोर्ट
एक मिनिट. पिंपळगावहून वाशीला जाताना कसारा घाट उतार आहे. चढ येताना लागतो. म्हणजे माल भरलेला असताना गाडी घाट उतरते, आणि दम तोडते ती रिकामी असताना? दिंडोरीकर, नक्की जाताना की येताना?

दिंडोरीकर
येताना. क्रेट रिकामे असतात.

सरिता_ट्रान्सपोर्ट
मग हे आधी सांगायचं ना भाऊ. जाताना पावणेदोन टन माल घेऊन विल्होळी, घोटी, इगतपुरीकडचे सगळे चढ नीट चढते?

दिंडोरीकर
हो, जाताना काही नाही. पण येताना दम तोडते हे खरंच आहे ना? भरलेली का रिकामी याने काय फरक पडतो, गाडी बंद पडते हा मुद्दा आहे.

सरिता_ट्रान्सपोर्ट
फार फरक पडतो. पंप कमजोर असता तर भरल्या गाडीला, फुल रेसमध्ये, सगळ्यात जास्त डिझेल लागतं तेव्हा आधी मेला असता. आता हे सांगा, टाकी कुठे फुल करता आणि घाटाच्या पायथ्याशी काटा कुठे असतो? माझ्या तीन पिकअप आहेत. एकीला हेच झालं होतं, आम्ही डिझेल ड्रममध्ये साठवायचो, ड्रमच्या तळाचा गाळ टाकीत गेला आणि जाळीवर बसला. टाकी उतरवून धुतली, जाळी बदलली, संपला विषय. तुमची जाळीच असणार.

समृद्धीप्रेमी
कसारा घाटाने जाताच कशाला? समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ ला सुरू झालाय. जवळपास ८ किमीचा बोगदा आहे, घाटच टळतो. वेळही वाचेल.

घाटमाथा
आणि बोगद्यात बंद पडली तर? टोल देऊन टोइंग.

समृद्धीप्रेमी
मी चांगला मार्ग सुचवला, घ्यायचा तर घ्या.

दिंडोरीकर
रस्ता विचारला नव्हता. सरिताताई, टाकी निघताना पिंपळगावला फुल करतो. येताना पायथ्याला काटा अर्ध्याच्या खाली असतो, कधी पाव. डिझेल पेट्रोल पंपावरूनच भरतो, ड्रम वगैरे काही नाही.

पंपरूम_सांगली
आता जमतंय. तीन गोष्टी सांगा, पंपाचं नाव नंतर विचारा.
एक, इंजिन बंद असताना चावी नुसती ऑन केली की टाकीकडून सूं असा आवाज येतो का?
दोन, बंद पडल्यावर लगेच सेल्फला सुरू होते, की दहा मिनिटं थांबावं लागतं, की बोनेट उघडून हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढून हवा काढायचा छोटा पंप) दाबावा लागतो?
तीन, टाकी फुल असताना याच घाटात कधी त्रास दिलाय का?

दिंडोरीकर
आवाज नाही. प्रायमर दाबतो, दाबल्याशिवाय सुरूच होत नाही. थांबून काही उपयोग होत नाही. मागच्या महिन्यात खारेगावला डिझेल भरून आलो होतो तेव्हा घाट व्यवस्थित चढली, तेव्हा वाटलं आपोआप बरी झाली.

पंपरूम_सांगली
मग ताई, जाळी नाही. जाळी चोक असती तर बंद पडल्यावर ओढ थांबते, गाळ खाली बसतो आणि थोड्या वेळाने प्रायमरशिवाय गाडी सुरू होते. इथे प्रायमर लागतोय म्हणजे लाइनमध्ये हवा शिरतेय. आवाज नाही म्हणजे टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही, मेन पंपाच्या पोटातला गिअर-पंपच टाकीतून ओढतो. ओढणाऱ्या पाइपला चीर असली तर बाहेर थेंबसुद्धा पडत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून खाली वाकून बघणाऱ्याला सगळं कोरडं दिसतं आणि तो वर बघून पंपाचं नाव घेतो.
टाकी अर्ध्याच्या खाली गेल्यावरच होतं, त्यामुळे माझा संशय टाकीत उभ्या असलेल्या नळीवर आहे. चीर डिझेलमध्ये बुडालेली असेपर्यंत नळी डिझेलच ओढते, चीर उघडी पडली की हवा. घाटात नाक वर झालं की डिझेल मागे सरकतं आणि आणखी लवकर उघडी पडते.

सरिता_ट्रान्सपोर्ट
हे पटतंय. तरी जाळी बघून घ्या, टाकी उतरवणारच आहात तर.

तात्या_ह्यूस्टन
लिफ्ट पंप असता तर हवा आलीच नसती.

पंपरूम_सांगली
तात्या, तुमचा लिफ्ट पंप बसणार टाकीच्या बाहेर. चीर टाकीच्या आत. तो पण हवाच ओढेल आणि जास्त जोरात ढकलेल. आणि पुढे एखादा होज सैल असेल तर आज तो हवा घेतोय, उद्या दाबाखाली गरम सायलेन्सरवर डिझेल सोडेल.

आजोबा_७२
टाकीला लिटरमागे पाच मिली टू-टी ऑइल घाला. हल्लीच्या डिझेलमध्ये सल्फर नाही, पंप कोरडे पडतात. माझी गाडी वीस वर्षं याच्यावर चालली.

शंकासुर
आजोबा, सल्फर बीएस-४ ला ५० पीपीएम होतं, २०२० पासून १० झालं, हे खरं. पण डिझेलच्या भारतीय मानकात, आयएस १४६० मध्ये, वंगणाची चाचणी आहे, खरचटलेला डाग ४६० मायक्रॉनच्या आत असावा लागतो, त्यासाठी तेल कंपन्याच डिझेलमध्ये अ‍ॅडिटिव्ह घालतात. टू-टी ने चीर बुजत नाही.

आजोबा_७२
चीर बुजेल असं मी कुठे म्हटलं? पंपाबद्दल म्हटलं. धागा पंपाचाच आहे ना?

दिंडोरीकर
टाकी उतरवायला एक दिवस जातो. ती न उतरवता खात्री करायचा काही उपाय? नुसत्या संशयावर गाडी उभी करणार नाही.

पंपरूम_सांगली
आहे. वीस लिटरचा स्वच्छ कॅन हौद्यात केबिनमागे घट्ट बांधा. फिल्टरकडे येणारा पाइप टाकीकडून सोडवून नवा होज थेट कॅनमध्ये सोडा. रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच आणा, नाहीतर अर्धं डिझेल परत टाकीत जाईल आणि कॅन रस्त्यात रिकामा होईल. होज पारदर्शक मिळाला तर उत्तम, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. प्रायमरने हवा काढा आणि एखादा खडा चढ चढवा. कॅनवर चालली तर दोष टाकीत किंवा टाकीपासूनच्या पाइपात. कॅनवरही मेली तरच पुढे फिल्टर हाउसिंग, इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, मीटरिंग व्हॉल्व्ह, आणि मग पंप.

घाटमाथा
नांदुरीचा घाट जवळ आहे तुम्हाला. देवीचं दर्शनही होईल.

दिंडोरीकर
आज केलं. कॅनवर नांदुरीवरून सप्तशृंगगड चढलो, दुसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण रेसमध्ये. एकदाही अडकली नाही, दिवा नाही. खाली येऊन टाकीचा पाइप परत जोडला, मध्ये तो पारदर्शक होज ठेवला. काटा पावावर होता. इंजिन आयडलला एखाद-दुसरा बुडबुडा, रेस दिली की सोड्याच्या बाटलीसारखा फेस. पंपवाल्याला व्हिडिओ पाठवला, तो म्हणतो तरी पंप टाकून घ्या, टेन्शन नको.

सरिता_ट्रान्सपोर्ट
त्याचं टेन्शन जाईल, तुमचे ४८ हजार.

दिंडोरीकर
टाकी उतरवली. आतलं युनिट (नळी, जाळी आणि काट्याचा फ्लोट एकत्र असलेलं) बाहेर काढलं. उभी नळी प्लॅस्टिकची आहे, साधारण मध्यावर जिथे फ्लोटची पट्टी चिकटते तिथे केसाएवढी आडवी चीर. नळी वाकवली की उघडते, सोडली की दिसतही नाही. जाळी ठीक आहे, तळाला थोडा काळा चिखल होता. आता प्रश्न: चिरेवर एपॉक्सी लावून होज चढवू की पूर्ण युनिट घेऊ? युनिट इथे मिळत नाही, नाशिकहून मागवायला दोन दिवस म्हणतात. उद्या माल आहे.

जुना_फिटर
पितळी नळी घाल. लेथवाल्याकडून मापात कापून घे, जाळीचं टोक तळापासून बोटभर वर राहील असं बघ. प्लॅस्टिकपेक्षा टिकेल.

पंपरूम_सांगली
काका, पितळ नको, तांबं तर अजिबात नको. तांब्याच्या संगतीने डिझेल लवकर खराब होतं, डिंक धरतं, तो जाऊन इंजेक्टरमध्ये बसतो. युनिट मागवा. तोपर्यंत जुनंच परत बसवा आणि काटा पाऊणच्या खाली जाऊ देऊ नका. येताना घाटाच्या आधी टाकी भरून घ्या. एपॉक्सीचा तुकडा सुटून जाळीवर बसला तर ताई म्हणतात तो आजार पण होईल.

तात्या_ह्यूस्टन
नवीन युनिट टाकताय तर त्यासोबत लिफ्ट पंप...

घाटमाथा
तात्या, पुरे.

विहीरवाला
छान माहिती. माझ्या विहिरीवरच्या पाच एचपी डिझेल इंजिनाला पण असंच होतं, पाणी अर्ध्यावर आलं की पंप पाणी सोडतो. त्याला काय करावं?

शंकासुर
फूट व्हॉल्व्ह बघा. आणि वेगळा धागा काढा, साल, मेक, सक्शनची खोली सगळं लिहून.