प्लोन: लिंक दिली की फोल्डर उघडतो, पण यादीत नाही. आणि आता सगळ्यांचे सगळ्यांना दिसतायत!

रात्रपाळी (प्रश्न)
मंडळी, दोन दिवस झाले, डोकं चालेनासं झालंय. प्लोन ६ (वेबसाइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली) आहे, क्लासिक इंटरफेस. ४३ सदस्य. प्रत्येकाला आपापला फोल्डर हवा. स्वतःचा दिसावा, शेजाऱ्याचा दिसू नये, एवढंच. साइट सेटअपमधले 'युजर फोल्डर्स' वापरले नाहीत, कारण ते सदस्याच्या पहिल्या लॉगिनला बनतात आणि मला सगळे आधीच तयार हवे होते. म्हणून स्क्रिप्ट लिहिली: 'मेंबर्स'मध्ये फोल्डर बनव, मॅनेज_सेटलोकलरोल्सने (ही आज्ञा एखाद्या फोल्डरपुरता रोल, म्हणजे अधिकार, देते) त्या सदस्याला ओनर कर, संपलं. सगळे फोल्डर प्रायव्हेट, 'मेंबर्स' पण प्रायव्हेट.

पहिल्याच दिवशी एका सदस्येची तक्रार: "माझा फोल्डर कुठेय?" तिला लिंक पाठवली, तर उघडला, आत पेजही बनवता आलं. पण मेनूत नाही, यादीत नाही, सर्चमध्ये नाही. मला मात्र ॲडमिन म्हणून सगळं दिसतंय, त्यामुळे आधी वाटलं तीच नीट बघत नाहीये. (माफी मागून झाली.)

मग 'मेंबर्स'च्या शेअरिंग टॅबवर 'लॉग्ड-इन युजर्स'ना कॅन व्ह्यूची टिक मारली. लगेच तिचा फोल्डर दिसला. तिचाच नाही, उरलेले ४२ पण! आता टिक काढली तर परत सगळं गायब होईल या भीतीने हात लावलेला नाही.

जाता जाता अजून एक: तिने बनवलेलं पेज मी पब्लिश केलं. फोल्डर प्रायव्हेट असून ते पेज लॉगिन न करताही उघडतं, पण त्यातलं चित्र मात्र फुटकं दिसतं. हे नक्की चाललंय काय?

नवशिका७
फोल्डर एडिट करून सेटिंग्जमध्ये 'एक्सक्लूड फ्रॉम नेव्हिगेशन' टिक करा ना. माझ्याकडे तसंच केलंय, कुणाला काही दिसत नाही.

जुनाकीबोर्ड
नवशिका, ते आजच काढून नीट कुलूप लाव. त्या टिकेने फक्त मेनूतून नाव जातं. फोल्डर सर्चमध्ये येतो, लिंकने उघडतो. दारावरची पाटी काढली म्हणून दार बंद होत नाही.

रात्रपाळी, तुझी गंमत अशी आहे की टिक मारल्यामुळे तिचा फोल्डर दिसला हे खरं, पण तू समजतोयस त्या कारणाने नाही.

लिंकने उघडताना प्लोन थेट त्या फोल्डरवरचे रोल तपासतो. ओनर होतीच, उघडला. यादी, मेनू आणि सर्च मात्र कॅटलॉगला (साइटमधल्या सगळ्या वस्तूंच्या सूचीला) विचारतात, आणि कॅटलॉगमध्ये 'हे कुणाला दाखवायचं' याची वेगळी नोंद असते, अलाउडरोल्सअँडयूजर्स नावाच्या इंडेक्समध्ये. स्क्रिप्टने रोल दिला, पण ती नोंद ताजी केली नाही. त्यासाठी प्रत्येक फोल्डरवर रीइंडेक्सऑब्जेक्टसिक्युरिटी चालवावं लागतं. शेअरिंग टॅब हे काम स्वतः करतो, आणि आतल्या सगळ्या पसाऱ्यासकट करतो. म्हणजे तू 'मेंबर्स'वर टिक मारलीस तेव्हा ४३ च्या ४३ फोल्डरांच्या नोंदी आयत्याच ताज्या झाल्या. ओनरची नोंदही त्यातच आली.

उरलेले ४२ दिसले ते वारशाने. वर दिलेला लोकल रोल खाली झिरपतो. प्रत्येक फोल्डरवर वारशाची टिक काढून तो अडवता येतो, पण ४३ ठिकाणी ते सांभाळत बसू नकोस. त्यापेक्षा:

'मेंबर्स' फक्त पब्लिश कर. पब्लिश ही त्या एका फोल्डरची स्थिती आहे, ती खाली झिरपत नाही. आतले प्रायव्हेट ते प्रायव्हेटच. मग कॅन व्ह्यू काढ. स्क्रिप्टमध्ये रीइंडेक्सऑब्जेक्टसिक्युरिटीची ती एक ओळ मात्र घाल, नाहीतर ४४ वा सदस्य आला की पुन्हा इथेच येशील.

पेजचंही तसंच. पेजला स्वतःचा वर्कफ्लो (प्रायव्हेट, पब्लिश अशा स्थिती सांभाळणारी व्यवस्था) असतो, त्यामुळे ते पब्लिश झालं की बाहेरचा फोल्डर प्रायव्हेट असला तरी उघडतं. इमेज आणि फाइल यांना मूळ सेटिंगमध्ये वर्कफ्लोच नसतो, त्या बाहेरच्या फोल्डरचं ऐकतात. फोल्डर बंद, म्हणून चित्र बंद.

आणि कृपा करून ॲडमिनच्या खात्यातून तपासू नकोस. ॲडमिनकडचा मॅनेजर हा रोल साइटभर चालतो, त्याच्यापासून कुठलाच फोल्डर लपत नाही. एक साधा चाचणी सदस्य बनव आणि इन्कॉग्निटो खिडकीत बघ.

रात्रपाळी
केलं. 'मेंबर्स' पब्लिश, टिक काढली, चाचणी सदस्याने लॉगिन: यादीत एकच फोल्डर, त्याचा स्वतःचा! दुसऱ्याची लिंक टाकली तर परवानगी नाही म्हणतो. स्क्रिप्टमध्ये ओळ घातली.

चित्राचं काय करू? अख्खा फोल्डर उघडा करायचा नाहीये.

जुनाकीबोर्ड
आत 'चित्रं' नावाचा छोटा फोल्डर बनव आणि तेवढाच पब्लिश कर. चित्र कट-पेस्टने हलव, नवीन अपलोड नको. हलवलेल्या वस्तूची ओळख तीच राहते, त्यामुळे एडिटरमधून टाकलेलं चित्र सहसा जागेवर येतं. फक्त सदस्यांना बजावून ठेव की त्या फोल्डरात टाकलेलं सगळं जगाला दिसतं. ओळखपत्राचं स्कॅन तिथे टाकणारा कुणीतरी निघतोच.

नवशिका७
माझ्याकडचं सगळं सर्चमध्ये येत होतं. आत्ता पाहिलं. प्रायव्हेट करत बसलोय.