‘प्रतिबंधक’ की ‘प्रतिकारक’? वडिलांना काय सांगू?

प्रश्न (चिकोडी): आमच्या वडिलांनी यंदा धारवाडचं डीएसबी २१ सोयाबीन पेरलंय. माहितीपत्रक कन्नडमध्ये होतं, ‘तुक्कु रोग निरोधक’. वडिलांना कन्नड वाचता येत नाही, म्हणून मी ‘तांबेरा प्रतिबंधक’ असं सांगून टाकलं. आता पानावर बारीक ठिपके दिसायला लागलेत. वडील म्हणतात, “प्रतिबंधक म्हणालास नव्हं? मग हे काय आलंय?” चुकलं कोण, वाण की माझा शब्द?

उत्तर (खानापूर): शब्द चुकला. प्रतिबंध म्हणजे आत शिरूच न देणं. प्रतिकार म्हणजे शिरलेल्याशी झुंजणं. तांबेरा हा बुरशीचा रोग. त्याचे बीजाणू वाऱ्यावर येतात आणि पानावर पडायचे ते पडतातच. प्रतिकारक झाडात त्या बुरशीला ओळखणारं जनुक असतं. सोयाबीनच्या तांबेऱ्यासाठी अशा जनुकांना आरपीपी म्हणतात, पुढे क्रमांक. ओळख पटली की झाड बुरशीच्या भोवतालच्या आपल्याच पेशी मारून टाकतं. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशीवरच जगते, त्यामुळे तिथेच तिची उपासमार होते. मागे उरतो तो लालसर तपकिरी ठिपका.

तेव्हा आधी पान उलटून बघा. खालच्या बाजूवर पांढरा रुमाल घासा. ठिपके फिकट असतील आणि रुमालाला तपकिरी भुकटी लागत असेल, तर बुरशी माजलीय. ठिपके लालसर, कोरडे आणि रुमाल जवळपास स्वच्छ, तर झाड लढतंय.

प्रश्न (निपाणी): यात हार्मोन कुठे येतात? आणि ‘संप्रेरक’ म्हणायचं की ‘संजीवक’?

उत्तर (खानापूर): झाड स्वतःच्या अंगात तयार करतं ते संप्रेरक. आपण बाटलीतून फवारतो ते संजीवक. अथणीकडचे द्राक्षवाले ‘जीए’ (जिबरेलिक आम्ल) मारतात, ते संजीवक. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कृपया जपा.

तांबेऱ्यासारख्या जिवंत पेशीवर जगणाऱ्या बुरशीविरुद्ध मुख्यतः सॅलिसिलिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि बुरशीची भिंत कुरतडणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) जनुकं कामाला लागतात. पेशी मारून खाणाऱ्या बुरशीपुढे जास्मोनिक आम्ल आणि इथिलीन. बहुधा एक वाट जोरात असली की दुसरी मंदावते. म्हणून ‘प्रतिकारक’ एवढंच म्हणणं अर्धवट. कोणत्या रोगाला, तेही सांगायला हवं.

आणि ‘जीए’तलं जिबरेलिन सापडलं तेच मुळी बुरशीमुळे. भाताची रोपं उंच, पिवळट, लेचीपेची होण्याचा एक रोग जपानात होता. ती बुरशीच्या स्रावाची करामत, हे कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं.

उत्तर (बेळगाव): भातावरच्या करप्याला कन्नडमध्ये ‘बेंकि रोग’ म्हणतात. बेंकि म्हणजे आग. आपला ‘करपा’ही करपण्यावरूनच, म्हणजे दोन्ही भाषांना शिवारात तेच दिसलं. पण मराठीत कडाकरपाही ‘करपा’च, आणि तो जिवाणूचा, त्याला बुरशीनाशक मारून पैसा वाया जातो. दुकानात नुसतं ‘करपा’ म्हणू नका, पानच दाखवा.

(चिकोडी): सकाळी रुमाल घासून बघितला. बांधाकडच्या चार झाडांवर किंचित भुकटी लागली, बाकी कोरडं. वडिलांना म्हटलं, “प्रतिबंधक नव्हे, प्रतिकारक.” ते पान बोटांत धरून म्हणाले, “म्हणजे रोग अडवत नाही, झुंज देतंय.” उद्या बांधाकडची झाडं परत बघायला जाणार आहोत.