रेसिप्रोकेटिंग सॉच्या क्लॅम्पमध्ये तुटलेलं पातं अडकलंय, कॉलर अर्धीच फिरते

पॅलेट_भोसरी

नमस्कार मंडळी. १८ व्होल्टचा बॅटरीवरचा रेसिप्रोकेटिंग सॉ (पातं मागेपुढे चालवणारी करवत) आहे. पातं बदलायला तोंडाशी फिरवायची कॉलर आहे, ॲलन की लागत नाही. पाइनची पॅलेट (माल ठेवायची लाकडी चौकट) सुटी करायचं काम चालू आहे, म्हणजे फळी आणि ठोकळा यांच्या फटीत पातं घालून खिळे कापायचे. २३० मिमीचं, इंचाला ६ दातांचं, १.६ मिमी जाडीचं डिमॉलिशनचं पातं मानेपाशी तुटलं. शँकचा (क्लॅम्पमध्ये बसणाऱ्या शेपटाचा) तुकडा आत राहिलाय आणि बाहेर जेमतेम २ मिमी दिसतोय.

कॉलर अर्धी फिरते आणि अडते, सोडली की स्प्रिंगने परत जागेवर येते. नोज प्लायरने ओढलं, तुकडा हलत नाही. तोंड खाली करून झटकलं, तरी पडत नाही. भरीला प्लंजर (क्लॅम्प ज्यावर असतो तो मागेपुढे होणारा दांडा) आत जाऊन थांबलाय, त्यामुळे शूच्या (लाकडावर टेकवायच्या पुढच्या पट्टीच्या) फटीतून हत्यार नीट पोचत नाही.

क्लॅम्प न उघडता तुकडा काढता येईल का? उघडावाच लागला तर कुठली काळजी घ्यायची? आणि पातं पुन्हा तिथंच तुटू नये म्हणून काय बदलू?

टूलदुरुस्ती_नाशिक

सगळ्यात आधी ओढणं थांबवा, कारण त्यानेच तुकडा जास्त घट्ट बसतोय.

आतली रचना अशी असते. शँकला एक भोक असतं आणि क्लॅम्पमधली पोलादी पिन आडवी येऊन त्या भोकात बसते. कॉलर फिरवली की तिच्या आतल्या बाजूचा चढ पिनला मोकळं करतो, पिन मागे सरते आणि पातं सुटतं. तुम्ही तुकडा बाहेर ओढता तेव्हा भोकाची कड पिनला रेटते. दाबाखाली असलेली पिन मागे सरकत नाही, म्हणून कॉलर अर्ध्यावर अडते. कडी लावलेलं दार उघडताना दार आधी थोडं आत ढकलावं लागतं, तसंच इथं करायचं.

बॅटरी काढा, जाड हातमोजे आणि गॉगल घाला. पातं नुकतंच तुटलं असेल तर दहा मिनिटं थांबा, तुकडा चांगलाच तापलेला असतो. प्लंजर बाहेर आणायला बॅटरी लावून, तोंड मोकळ्या जागेकडे ठेवून, ट्रिगर अगदी हलका अर्धा सेकंद दाबा. प्लंजर पूर्ण बाहेर आला की बॅटरी लगेच काढून बाजूला ठेवा. ट्रिगर लॉक आहे म्हणून बॅटरी तशीच ठेवू नका. शू सरकणारा असेल तर काढूनच टाका. काहींना खटका असतो, काहींना एकदोन ॲलन स्क्रू.

पाइन कापता म्हणजे आत राळ आणि भुसा मिळून घट्ट लगदा झालेला असणार. तुमची कॉलर अडण्याचं निम्मं कारण तेच असावं. तोंड खाली धरून कॉम्प्रेसरची हवा मारा, मग पातळ नळीने कॉलरच्या कडेतून आणि पात्याच्या खाचेतून डब्ल्यूडी-४० सोडा. राळ जास्त वाटली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगलं चालतं, पण थेंबाथेंबाने आणि तोंड खालीच ठेवून, म्हणजे ते मोटरकडे उतरणार नाही. थिनर आणि ॲसिटोन वापरू नका, पुढचं रबरी बूट आणि प्लास्टिक खराब होतं. पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि कॉलर जाईल तेवढीच मागेपुढे हलवत राहा. पुन्हा हवा मारा. भुसा काळपट चिखलासारखा बाहेर यायला लागला की समजा मार्ग बरोबर आहे.

आता मुख्य काम. सपाट स्क्रूड्रायव्हरचं टोक तुकड्याच्या तुटक्या कडेवर टेकवून तुकडा आत दाबा. अर्धा-एक मिलिमीटर सरकला तरी पुरे. दाब तसाच ठेवून कॉलर फिरवा. पूर्ण फिरली की तशीच धरून ठेवा आणि मगच दाब सोडा. दोन हात पुरत नाहीत, कॉलर धरायला कुणाला तरी बोलवा. ज्या यंत्रांत पातं बाहेर फेकणारी स्प्रिंग असते त्यांत तुकडा इथंच बाहेर येतो. नसेल तर कॉलर धरून, तोंड खाली करून यंत्राची बाजू लाकडाच्या ठोकळ्यावर हलकी आपटा.

कॉलर हाताने फिरत नसेल तर तिच्यावर चामड्याची पट्टी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पकडा. पाइप रेंच लावू नका, ओतीव कॉलर तडकते.

लेथ_कोल्हापूर

वरचं सगळं बरोबर आहे. कॉलर पूर्ण फिरली पण तुकडा आतच चिकटून राहिला, अशी वेळ बऱ्याचदा येते. तेव्हा प्लायरपेक्षा दुसरं बारीक पातं जास्त कामाचं.

जिगसॉचं धातूचं पातं घ्या, बारीक दातांचं, इंचाला १८ ते २४. ग्राइंडरवर त्याची पाठ घासून रुंदी ४ मिमीच्या आसपास आणा. घासताना पाण्यात बुडवत राहा, फार तापलं तर दात मऊ होतात. हे पातं टोकाकडून खाचेत सरकवायचं आणि दात तुकड्याच्या कडेला टेकवायचे. जिगसॉ आणि रेसिप्रोकेटिंग सॉ या दोघांचे दात शँककडे झुकलेले असतात, कारण पातं मागे येताना कापतं. त्यामुळे आत जाताना ते सहज घसरतं आणि ओढताना तुकड्याला पकडतं. कॉलर कुणीतरी पूर्ण उघडी धरलेली हवी, नाहीतर दात तुटून आत आणखी एक कपचा पडेल.

हॅकसॉचं पातं त्याच्या जागी घेऊ नका. ते रुंदीला साधारण शँकएवढंच असतं, तुकड्याच्या बाजूला मावत नाही.

चुंबकाबद्दल: पेनासारखा निओडिमियम चुंबक चालतो, पण पिन सुटल्यावरच. पिन भोकात असताना कितीही ताकदीचा चुंबक लावला तरी फरक पडत नाही.

तुमचा २ मिमी बाहेर आहे म्हणजे नोज प्लायरला पकड मिळेल. ओढताना सरळ रेषेत ओढा, डावीउजवीकडे पिळू नका. पिळलं की खाचेच्या कडा फाकतात आणि नंतर नवीन पातं डुगडुगतं.

फॅब्रिकेटर_चाकण

इतकं करण्यापेक्षा बाहेर दिसणाऱ्या २ मिमीवर मिग वेल्डिंगने एक टाका मारून ३ मिमीची सळई जोडा आणि ओढा. तुटलेले बोल्ट आम्ही असेच काढतो.

टूलदुरुस्ती_नाशिक

@फॅब्रिकेटर_चाकण, बोल्टला ही युक्ती उत्तम आहे. तिथं उष्णतेने बोल्ट सैल होतो आणि भोवतीचं लोखंड भरभक्कम असतं. इथं तुकडा आणि खाच यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही दशांशांची असते. टाका जरा पसरला की तुकडा क्लॅम्पलाच जोडला जाणार. पिन कडक केलेली असते, ती तापली की मऊ पडते आणि पुढे महिनाभरात झिजते. आतलं ग्रीस जळतं, रबरी बूट वितळतं. शिवाय वेल्डिंगची अर्थिंग क्लिप चुकीच्या जागी लावली तर करंट बेअरिंगमधून जातो. आणि मूळ अडचण पिनची आहे. पिन भोकात असताना सळई लावून ओढलं काय आणि प्लायरने ओढलं काय, गोष्ट तीच. हीट गनही नको, त्याच कारणांसाठी.

यंत्र चालू करून तुकडा हादऱ्याने पाडायचा हा उपायही सांगितला जातो. करू नका. अर्धवट सुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो.

@पॅलेट_भोसरी, क्लॅम्प उघडायची वेळ आलीच तर: बहुतेक फिरत्या कॉलरना पुढून एक सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) असते, कधी रबरी किंवा प्लास्टिकच्या टोपीखाली झाकलेली. मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालून, पिशवीतूनच सर्कलिप काढा, कारण क्लिप आणि पिन दोन्ही उडतात. त्यानंतर कॉलर, पिळाची स्प्रिंग आणि पिन या क्रमाने भाग निघतात. काही मॉडेलमध्ये पिनऐवजी किंवा पिनसोबत छर्रा असतो. प्रत्येक भाग निघण्याआधी फोटो काढा. विशेषतः स्प्रिंगचं एक टोक कॉलरच्या कुठल्या भोकात आणि दुसरं प्लंजरच्या कुठल्या खाचेत आहे ते नीट टिपा. परत बसवताना स्प्रिंगला थोडा पीळ देऊनच कॉलर चढवायची असते. पीळ न देता बसवली तर कॉलर पूर्ण मिटत नाही आणि पातं चालू कामात निसटतं. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र हे स्वतः करू नका, सर्व्हिस सेंटरला द्या.

सुतार_न्यूजर्सी

ज्यांच्याकडे वेगळ्या प्रकारचा क्लॅम्प आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, धागा शोधत इतरही येतील.

बाजूला खटका असलेल्या यंत्रांत तुकडा अडकला तर आधी प्लंजरची जागा बघा. काही मॉडेलमध्ये प्लंजर एका ठरावीक जागी असतानाच खटका पूर्ण उघडतो. खटका अर्धवट हलत असेल तर क्लॅम्प बिघडला असं समजू नका. वर सांगितल्याप्रमाणे ट्रिगरचा हलका स्पर्श देऊन प्लंजर पुढे आणा, बॅटरी काढा आणि पुन्हा खटका दाबून बघा. वायरवाल्यात प्लग काढल्याशिवाय बोटं तोंडापाशी नेऊ नका.

जुन्या किंवा स्वस्त यंत्रांत ॲलन स्क्रू असतो. तिथं स्क्रू पूर्ण सैल केला की तुकडा निघतो. अडचण होते ती स्क्रूचं तोंड गोल झालं की. आधी भुसा टोच्याने कोरून काढा, ॲलन की तळापर्यंत बसायला हवी. तोंड गेलंच असेल तर एक माप मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट हातोडीने हलका ठोकून बसवा आणि फिरवा. तो स्क्रू परत वापरू नका.

ब्लेडमाप_ठाणे

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पातं तिथं का तुटलं हे तुमच्याच वर्णनात आहे. फटीत घालून खिळे कापताना पातं फळीला चिकटून चालावं म्हणून तुम्ही यंत्र तिरकं धरता आणि पातं वाकवता. तो वाक सगळा मानेवर, शँक सुरू होतो तिथं पडतो. तेवढ्याच वाकाला जाड पात्याच्या पृष्ठभागावर ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. १.६ मिमीच्या पात्यावर तो ०.९ मिमीच्या तुलनेत जवळपास पावणेदोन पट असतो. मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांना तो ताण उलटसुलट होत राहतो आणि धातू थकून तुटतो. जाड पातं म्हणजे मजबूत हे सरळ कापताना खरं आहे, विटा-लाकूड एकत्र पाडताना खरं आहे. वाकवून कापायचं असेल तर पातळ आणि लवचीकच हवं.

दुसरं, दात. इंचाला ६ म्हणजे दोन दातांत ४.२ मिमी अंतर. पॅलेटचा खिळा साधारण तीन-साडेतीन मिमीचा. म्हणजे खिळा दोन दातांच्या मधे पडतो, दात त्यात अडकतो आणि झटका थेट मानेला बसतो. इंचाला १० किंवा १०/१४ मिश्र दातांचं बायमेटल (दोन धातू जोडून केलेलं) पातं घ्या. बॉशच्या पात्यांच्या क्रमांकात शेवटी एफ अक्षर असेल तर ते बायमेटल. डी असलेलं कार्बन स्टीलचं साधं लाकडाचं पातं खिळ्यावर टिकत नाही.

लांबी २३० मिमी बरोबर आहे, ती बदलू नका. युरो पॅलेटचा ठोकळा १४५ मिमीपर्यंत रुंद असतो. त्यात स्ट्रोकचे ३० मिमी आणि टोक बाहेर राहायला २५ मिमी मिळवा, २०० मिमी झाले. पातं आखूड पडलं तर मागच्या स्ट्रोकला टोक लाकडाच्या आत येतं आणि पुढे जाताना आत धडकतं. मानेपाशी तुटण्याचं हे दुसरं मोठं कारण.

चालवताना शू लाकडावर दाबलेला हवा. शू सुटला की यंत्र स्थिर आणि पातं नाचतं असं न होता उलट होतं, पातं अडकतं आणि यंत्र नाचतं. ऑर्बिटल (पातं लंबगोल फिरवणारी सोय) बंद ठेवा, ते फक्त लाकडासाठी. वेग निम्म्याच्या आसपास. यंत्र उलटं करून किंवा पातं उलटं बसवून दात वर केले तर फटीत कमी तिरकं धरावं लागतं. बहुतेक क्लॅम्प पातं दोन्ही बाजूंनी घेतात. आणि पातं घालण्याआधी प्राय बारने (छोट्या पहारीने) फट ४-५ मिमी उघडा, निम्मा वाक तिथंच वाचतो.

थोडं अवांतर: पॅलेटवर आयपीपीसीचा (लाकडाच्या कीडप्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय) शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूने प्रक्रिया केलेलं, त्याचं घरातलं फर्निचर करू नका.

पॅलेट_भोसरी

निघाला! राळच होती. अल्कोहोल सोडून हवा मारल्यावर कॉलर बरीच फिरायला लागली. शेवटी स्क्रूड्रायव्हरने आत दाबून फिरवली तेव्हा खट् आवाज होऊन उघडली, मग प्लायरने सरळ बाहेर आला. तुकडा भोकाच्या जरा पुढे तुटलाय, भोक अख्खं आहे पण एका बाजूला ओढल्यासारखं लांबट झालंय. नवीन पातं बसतं, पण हाताने ओढलं तर एखादा मिलिमीटर मागेपुढे होतं. चालेल का?

टूलदुरुस्ती_नाशिक

थोडी हालचाल बऱ्याच क्लॅम्पमध्ये नव्या यंत्रातही असते. ती लांबीच्या दिशेने आहे की बाजूला, ते बघा. लांबीच्या दिशेने एक मिलिमीटरपर्यंत असेल आणि कॉलर पूर्ण मिटत असेल तर चालेल. पातं बाजूला डुलत असेल, किंवा टॉर्चने पाहिल्यावर पिनची कड चेपलेली किंवा कपचा उडालेली दिसली, तर क्लॅम्पचा पूर्ण संच बदला. नुसती पिन बदलून उपयोग नाही, कॉलरमधला चढही तेवढाच झिजलेला असतो. मॉडेल नंबर सांगितला की सर्व्हिस सेंटरमधून तो संच सुटा मागवता येतो.

नवीन पातं बसवून जोरात ओढून बघा, मग तोंड मोकळ्या जागेकडे ठेवून दहा सेकंद सर्वात कमी वेगावर चालवा आणि पुन्हा ओढून बघा. पाइनवर काम असेल तोवर रोज संध्याकाळी पातं काढून क्लॅम्पमध्ये हवा मारा आणि कोरडं सिलिकॉन किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) स्प्रे द्या. ग्रीस लावू नका, त्यावर भुसा बसून पुन्हा तोच लगदा होतो.