लांछन, प्रतीक की प्रतिमा?

प्रश्न: रोमन साम्राज्याच्या प्रांतांतल्या शहरांनी पाडलेल्या नाण्यांवर लेख लिहिते आहे. डाळिंब, नांगर, मगर, देवता, काय काय चित्रं असतात. सगळ्यांना 'प्रतीक' म्हटलं तर चालेल का? संपादकांनी 'लांछन' सुचवलंय, पण त्यात बट्टा लागल्याचा भास होतो.

उत्तर: लांछन म्हणजे मुळात ओळखीची खूण. चालुक्यांचं वराहलांछन, ऋषभनाथांचं वृषभ, महावीरांचं सिंह. कलंक हा अर्थ बोलण्यात रुळला, तरी इतिहासलेखनात मूळ अर्थ जिवंत आहे, बिनधास्त वापरा. फक्त जागा बघून.

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सिदे शहराच्या नाण्यांवर डाळिंब येतं, कारण 'सिदे' म्हणजेच डाळिंब. रोमन काळातही अथेना देवीशेजारी ते छोटंसं डाळिंब दिसतं. त्याला सुबत्तेचं प्रतीक म्हटलंत तर शहराचं नावच हरवेल. ते लांछन. अंकिराचा, म्हणजे आजच्या अंकाराचा, नांगरही तसाच. समुद्र कोसो दूर, पण ग्रीकमध्ये 'अंकिरा' म्हणजे जहाजाचा नांगर.

मगरीचं वेगळं. दक्षिण फ्रान्समधल्या नेमाउसुसच्या (आजचं नीम) नाण्यावर एका बाजूला सम्राट ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिप्पा पाठीला पाठ लावून आहेत. अग्रिप्पाच्या मुकुटात गलबताची नाळ (पुढचं टोक) आहे, कारण अ‍ॅक्टियमला, इजिप्तची राणी क्लिओपात्रा आणि अँटनी यांच्याविरुद्धच्या समुद्री लढाईत (इ.स.पू. ३१), आरमार त्याच्या हाताखाली होतं. दुसऱ्या बाजूला खजुराच्या झाडाला साखळदंडाने जखडलेली मगर. मगर म्हणजे इजिप्त, साखळदंड म्हणजे त्याचा पाडाव. हे खरं प्रतीक. अख्खं युद्ध बोटभर तांब्यात मावलंय!

प्राचीन सीरियातल्या अँटिओक शहराची टिखे, म्हणजे ग्रीकांची भाग्यदेवता, मात्र प्रतिमाच म्हणा: खडकावर बसलेली, डोक्यावर तटबंदीचा मुकुट, पायाशी पोहणारी ओरोंटेस नदी. ग्रीक शिल्पकार युटिखिदेसने घडवलेल्या पुतळ्यावरूनच ती नाण्यावर आली. 'नगरदेवता' शब्द तिला चपखल बसतो.

प्रश्न: नीमच्या आजच्या नगरचिन्हातही तीच मगर आहे ना? तिथे?

उत्तर: तिथे लांछन. १५३५ मध्ये राजा पहिल्या फ्रान्सिसने ती नगराला बहाल केली. आता ती इजिप्त सांगत नाही, नीम सांगते.

आणखी एक, 'नांगर' नुसता लिहू नका. सम्राट हेड्रियनने वसवलेल्या एलिया कापितोलिनाच्या (जेरुसलेम) नाण्यावर बैल-गाय जुंपून नव्या शहराची हद्द आखली जाते आहे. तो शेताचा नांगर, अंकिराचा जहाजाचा. मराठीत दोन्हींना शब्द एकच, म्हणून प्रत्येक ठिकाणी फोड करूनच लिहा.