मदत हवी आहे: भूशास्त्र आणि संगणकशास्त्र एकत्र शिकवायचा अभ्यासक्रम

भूपट: पदवीच्या तिसऱ्या वर्षासाठी 14 आठवड्यांचा ऐच्छिक विषय आखतो आहे. निम्मा वर्ग भूशास्त्राचा, निम्मा संगणकशास्त्राचा. पहिल्यांना पायथनमधल्या लूपच्या पुढे फारसं येत नाही, दुसऱ्यांना समोच्चरेषा वाचता येत नाहीत. आधी सगळ्यांना पायथन आणि मग खडक, असं केलं तर दर वेळी निम्मा वर्ग रिकामा बसेल. दोघांनाही पहिल्या आठवड्यापासून कामाला लावेल असा विषय कोणता? डेटा साध्या लॅपटॉपवर चालायला हवा.

ओहोळ: उंचीच्या प्रारूपावरून (डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या आकड्यांची चौकटजाळी) नदीचं जाळं काढणं. सगळं सत्र यावरच चालवा, पुरून उरेल. एसआरटीएमच्या (अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीच्या संचाच्या) 1 आर्क-सेकंदाच्या (अंशाचा 3600वा भाग) एका टाइलमध्ये, म्हणजे चौकोनी तुकड्यात, 3601 × 3601 आकडे असतात. 16 बिटांत साधारण 26 एमबी, फ्लोट64 (64 बिटांचे दशांश आकडे) केलं की 104 एमबी. लॅपटॉपला हे सहज झेपतं. सराव मात्र 500 × 500 च्या तुकड्यावर घ्या.

पहिली अडचण उतार काढताना येते. टाइल अंशांत असते, उंची मीटरमध्ये. पिक्सेलचा आकार 0.000278 तसाच भागाकारात गेला की जवळपास सगळीकडे 90 अंशांचा कडा दिसतो. ही चूक मुलांना होऊ द्या, मग यूटीएम प्रक्षेपण (अंशांचं मीटरमध्ये रूपांतर करणारी नकाशापद्धत) शिकवा. −32768 म्हणजे 'माहिती नाही' हेही इथेच सांगा, नाहीतर तिथे 32 किलोमीटर खोल विहीर तयार होते.

मग डी8 ही प्रवाहाची दिशा काढायची पद्धत: प्रत्येक पेशीचं (जाळीतल्या चौकटीचं) पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उताराकडे. तिरप्या शेजाऱ्याचं अंतर √2 पट धरायचं, हे हमखास विसरलं जातं. पाणी खड्ड्यांत अडकतं, म्हणून प्रायॉरिटी-फ्लड (कडेपासून आत, कमी उंचीच्या पेशी आधी घेत खड्डे भरायची पद्धत); त्यासाठी हीप (सर्वांत लहान आकडा आधी देणारी रचना) लागतो, आणि संगणकवाल्यांना हीप खऱ्या कामात दिसतो. पण कोणता खड्डा भरायचा हे भूशास्त्रवाल्यांनी ठरवावं. मोरीवरचा रस्ता डीईएममध्ये बांध होऊन बसतो, तो खड्डा खोटा. चुनखडीच्या प्रदेशातलं विवर खरं, ते भरलं तर नकाशाच चुकला.

भरल्यावर सपाट भाग उरतात आणि तिथे डी8 ला दिशाच मिळत नाही. मुलं हमखास बारीकशी वाढ देऊन उतार तयार करतात. फ्लोट32 मध्ये 1000 मीटरला 0.00001 मिळवलं तर आकडा बदलतच नाही! त्यापेक्षा हीपमधून पेशी ज्या क्रमाने बाहेर पडतात त्यावरून दिशा ठरवा. प्रवाहसंचय (प्रत्येक पेशीत वरच्या किती पेशींचं पाणी येतं ती मोजणी) रिकर्शनने, म्हणजे स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनने, लिहू देऊ नका. पायथनमध्ये अशा एकात एक हाकांची मर्यादा मुळात 1000 ची आहे, लांब नदीवर प्रोग्रॅम कोसळतो. टोपोलॉजिकल सॉर्ट (वरची पेशी आधी, खालची नंतर असा क्रम) वापरा.

भूपट: फार उपयोगी, धन्यवाद. शेवटचे 3 आठवडे दरडप्रवणतेसाठी (दरड कुठे कोसळू शकते ते ओळखण्यासाठी) मशीन लर्निंग घ्यायचा विचार आहे. आणि गुण कसे द्यावेत?

स्तरभंग: घ्या, पण पिक्सेल यादृच्छिक वाटून प्रशिक्षण आणि चाचणी संच करू नका. शेजारशेजारचे पिक्सेल जवळपास सारखेच असतात. एक इकडे, एक तिकडे गेला की अचूकता फुगते आणि नव्या खोऱ्यात मॉडेल आपटतं. प्रदेशाचे चौकोन पाडा, चौकोनाचा क्रमांक गट म्हणून साय-किट-लर्न या पायथन लायब्ररीतल्या ग्रुप-के-फोल्डला द्या; ते एक गट दोन्ही संचांत वाटू देत नाही. चौकोन किती मोठा, ते व्हेरिओग्रामची (अंतराबरोबर आकड्यांतला फरक कसा वाढतो त्याच्या आलेखाची) रेंज, म्हणजे ज्या अंतरापुढे साम्य उरत नाही ते अंतर, पाहून ठरवा. दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी मांडायला लावा, तोच या भागाचा गाभा आहे.

ओहोळ: गुणांसाठी उत्तर आधीच माहीत असलेली कृत्रिम भूमी द्या. z = 0.1x या प्रतलाचा उतार सगळीकडे 5.71 अंश यायला हवा. प्रवाहसंचयात प्रत्येक पेशी स्वतःला 1 मोजत असेल, तर सगळ्या मुखांवरची (पाणी जाळीबाहेर जातं त्या पेशींवरची) बेरीज एकूण पेशींइतकीच भरली पाहिजे. न भरल्यास पाणी कुठेतरी गळतंय किंवा फिरत बसलंय. जोड्या मिश्र लावा, पण कोड भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने टाइप करायचा आणि नकाशाचा अर्थ संगणकाच्या विद्यार्थ्याने लिहायचा. तोंडी परीक्षेत प्रश्न उलटे, म्हणजे प्रत्येकाला जोडीदाराने केलेल्या भागावर, विचारा.